'टाय' जनुक म्हणजे कवच नव्हे

'टाय जनुकाचा टोमॅटो लावा, पांढरी माशी विसरा' हे लेखातलं वाक्य पटलं नाही. टाय जनुकं टोमॅटोला पांढरी माशी पसरवते त्या पानं गुंडाळणाऱ्या (लीफ कर्ल) विषाणूशी झुंजायला मदत करतात. टाय-१ आणि टाय-३ ही ६व्या गुणसूत्रावरच्या एकाच जनुकाची रूपं. ती विषाणूच्या डीएनएवर मिथाइल गट चढवून त्याचं काम मंदावतात, पण विषाणू झाडात थोडा उरतोच. काकडीवरचा मोझॅक विषाणू सोबत आला की हा बंदोबस्त ढिला पडतो. म्हणून नागपूरजवळच्या कळमेश्वरकडे रोपं ४० ते ५० मेशच्या (इंचाला तेवढी छिद्रं असलेल्या) जाळीतच वाढवा. टाय-५ची गोष्ट निराळी. ते अप्रभावी, म्हणजे संकरात दोन्ही पालकांकडून यायलाच हवं. आणि संकरित फळातलं बी पुन्हा पेरू नका! टाय-१ एकाच पालकाकडून आलं असेल तर पुढच्या पिढीत साधारण चौथाई झाडं जनुकाविना निघतात.