पटावरची अकरा मुलं

आमच्या वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एकाने लिहिलं, "सरकारी मराठी शाळेत अकरा पोरं उरलीत, तीही भायल्यांची (बाहेरून आलेल्यांची). धड वाचता येत नाही. बंद करून टाका." खाली सात-आठ अंगठे. त्या अंगठेवाल्यांपैकी तिघांना मुळाक्षरं मीच शिकवली आहेत, म्हणून आज लिहायला बसले.

३१ वर्षं मी गोव्यातल्या सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतल्या सरकारी प्राथमिक शाळांत शिकवलं. गोवा मुक्त झाल्यावर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यातल्याच या. कुळाची, मुंडकाराची (जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्याची) पोरं इथेच पाटीवर अक्षर गिरवून पुढे नोकरीला लागली. मी रुजू झाले तेव्हा एकेका वर्गात पंचवीस मुलं असायची.

ती कुठे गेली? २०११ साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचा निर्णय झाला. अनुदानित शाळेचा बालरथ, म्हणजे मुलांची बस, दारात येतो, आमच्याकडे चिखल तुडवत यावं लागतं. आणि मुळात घराघरांत मुलंच कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्याचा जननदर १.३ निघाला. बाईमागे दीड मूलही नाही, मग पट भरणार कशाने? इंग्रजीकडे गेलेल्या पालकांना मी दोष देत नाही. पण आपण सोडून गेलेली शाळा ज्यांनी धरून ठेवली, त्यांनाच नावं ठेवायची, हे मला सहन होत नाही.

एक मुलगी सांगते. तिसरीत आली, जूनमध्ये नव्हे, ऑगस्टमध्ये. पहिली-दुसरी गदगकडे कन्नडमधून झालेली. घरी लमाणी, आईला 'याडी' म्हणायची. वाड्यावर खेळता खेळता कोंकणी उचलली. पुस्तक मराठी, वर इंग्रजी हा विषय. आठ वर्षांच्या जिवाला किती भाषा! पहिल्या चाचणीत गणिताचा पेपर कोरा. मी तिला जवळ बसवून उदाहरण वाचून दाखवलं, "एका पेटीत २४ आंबे, तर पाच पेट्यांत..." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, "एकशेवीस." याडीबरोबर बाजारात भाजी विकायला बसत होती ती. गणित येत होतं, देवनागरी येत नव्हती. नोंदवहीत मात्र शून्यच गेलं.

फेब्रुवारीत एका दुपारी ती भिंतीवरच्या फळ्यापुढे उभी राहिली, एकेका अक्षराखाली बोट धरत म्हणाली, "आ-ज-चा आ-हा-र. पा-व भा-जी." मग वळून माझ्याकडे बघितलं. ते डोळे मी विसरणार नाही.

मार्चमध्ये बापाच्या ठेकेदाराचं काम संपलं, बिऱ्हाड हललं. वार्षिक परीक्षेला ती गैरहजर. वर्गात मुलं चार, त्यातलं एक कमी झालं, की कागदावर उरतात पंचाहत्तर टक्के! असल्या आकड्यावरून शाळेची परीक्षा करता?

शिक्षण हक्क कायदा साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगतो. मी सहा वर्षं एकटी होते. पहिली ते चौथी एकाच खोलीत. पहिलीला अक्षरं गिरवायला लावायची, तोवर चौथीचा भागाकार. त्यात मतदार यादीचं काम आलं, की शाळा अर्धीच.

निकाल जरूर मोजा, मी त्यातून पळत नाही. पण त्या रकान्याशेजारी मुलाची घरची भाषा लिहा, वर्षात किती महिने ते शाळेत होतं ते लिहा, आलं तेव्हा काय येत होतं आणि गेलं तेव्हा काय येत होतं ते लिहा. आणि शाळा दुसरीत विलीन करण्याआधी एखाद्या पावसाळी सकाळी सहा वर्षांच्या मुलाचा हात धरून त्या दुसऱ्या शाळेपर्यंत चालून बघा.

पुढच्या आठवड्यापासून मी इथल्या बाईंबरोबर पट भरायला फिरणार आहे. जन्मदाखला नाही म्हणून कुठल्याही मुलाचा प्रवेश अडवता येत नाही, कायदाच तसा आहे. तुमच्या भाड्याच्या खोल्यांत, बांधकामावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा वर्षांचं मूल असेल, तर मला मेसेज करा. मी स्वतः येऊन त्याच्या आईशी बोलेन.