लुथरने कॅन्सर बरा केला होता, त्याची गोष्ट

सुपरमॅनचा विषय निघाला की हल्ली एक मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. शब्द थोडेफार बदलतात, सूर तोच. सुपरमॅनचा कट्टर शत्रू लेक्स लुथर हाच खरा हिरो! शून्यातून वर आला, कुणाच्या मदतीशिवाय, स्वतःच्या डोक्याच्या जोरावर साम्राज्य उभं केलं, अर्ध्याहून जास्त शहराच्या चुली पेटत्या ठेवल्या. आणि समोर कोण, तर आकाशातून पडलेला, जन्मतःच सगळं फुकटात मिळालेला परग्रहवासी. लुथर फक्त माणसांची बाजू घेतो. सुपरमॅन आडवा आला नसता तर एव्हाना त्याने कॅन्सरसुद्धा बरा केला असता. पण कॉमिक्सवाल्यांना श्रीमंत माणूस बघवत नाही, म्हणून बिचारा खलनायक.

वाचायला झकास आहे. पण हे पाठवणाऱ्यांनी बहुधा चित्रपट पाहिलेत, किंवा चित्रपटांतले तुकडे. त्यांचाही फार दोष नाही. इंद्रजाल कॉमिक्समुळे वेताळ आणि मँड्रेक मराठी बोलत आपल्या घरात शिरले. सुपरमॅनचे अंक मात्र रद्दीच्या दुकानात, मधली पानं गायब झालेले मिळायचे आणि एका गोष्टीचा शेवट सापडायला वर्ष लागायचं. मी ती वर्षं घालवली आहेत, म्हणून हा खटाटोप.

पहिला मुद्दा, ‘शून्यातून वर आला’.

कोणता लुथर, हे आधी ठरवू. एप्रिल 1940 च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ 23 मध्ये तो प्रथम आला तेव्हा त्याच्या डोक्यावर लाल केस होते, नाव नुसतं लुथर होतं आणि धंदा वेड्या शास्त्रज्ञाचा होता. वर्षभरातच त्याला टक्कल पडलं. चित्रकाराच्या घोळामुळे, असं मानलं जातं. 1960 मध्ये त्या टकलाला कारण मिळालं. प्रयोगशाळेतली आग विझवताना किशोरवयीन सुपरमॅनकडून त्याचे केस गेले आणि त्याने आयुष्यभराचं वैर धरलं. हो, केसांवरून. गगनचुंबी इमारतीच्या वरच्या मजल्यावरून शहराकडे बघणारा उद्योगपती लुथर जन्मला तो 1986 मध्ये, जॉन बर्नच्या सहा अंकी मालिकेत. ही कल्पना मार्व्ह वुल्फमन या लेखकाची. चोरीमारी करत फिरणाऱ्या शास्त्रज्ञाऐवजी, ज्याला हात लावता येत नाही असा धनाढ्य माणूस सुपरमॅनसमोर उभा करायचा, ही ती कल्पना.

‘शून्यातून वर’ हे या उद्योगपती लुथरबद्दलच म्हणता येईल. तो सुइसाइड स्लम नावाच्या झोपडपट्टीतून आला हे खरं. पण 1989 मध्ये त्याचं एक चरित्रवजा कॉमिक निघालं, त्यात त्याच्या पहिल्या भांडवलाचा हिशेब आहे. पोरवयात त्याने आईवडिलांना न सांगता त्यांचा मोठ्या रकमेचा विमा काढला आणि मग त्यांच्या गाडीचे ब्रेक बिघडवून ठेवले. लेक्सकॉर्प या त्याच्या कंपनीची पायाभरणी या पैशावर झाली. ‘कुणाच्या मदतीशिवाय’ हे शब्द इथे जरा जपून वापरावेत. आईबापांनी बरीच मदत केली म्हणायची.

दुसरा मुद्दा, चुली पेटत्या ठेवल्या. हे मात्र कॉमिक्समध्येच लिहिलेलं आहे. सुपरमॅनच्या शहरातले, म्हणजे मेट्रोपोलिसमधले, जवळजवळ दोन तृतीयांश लोक प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे लुथरच्या पगारावर जगतात. त्या पगाराची चव कशी असते हे पाहायचं तर 1987 च्या ‘सुपरमॅन’ 9 मधली मागच्या पानांवरची छोटी गोष्ट शोधा. मेट्रोपोलिसपासून 900 मैलांवर हमरस्त्याच्या कडेला एक खानावळ. लुथरची लांबलचक गाडी थांबते. कॉफी आणून देणाऱ्या विवाहित वेट्रेसला तो सांगतो, नवऱ्याला सोड, माझ्यासोबत मेट्रोपोलिसला चल, 10 लाख डॉलर देतो. बाहेर गाडीत बसतो, 10 मिनिटांत ठरव.

ती बाई आत उभी. नवरा, घर, गहाण पडलेली स्वप्नं, सगळं डोळ्यांपुढून जातं. आणि बाहेर लुथर तिचं उत्तर न ऐकताच ड्रायव्हरला गाडी काढायला सांगतो. कारण ती यावी असं त्याला वाटतच नव्हतं. आपण हो म्हटलं असतं की नाही, हा किडा तिच्या डोक्यात मरेपर्यंत वळवळत राहावा, एवढ्यासाठी सगळा खेळ. खून नाही, चोरी नाही, कायद्याचा भंग तर अजिबात नाही. या गोष्टीत सुपरमॅनही नाही. माझ्या मते लुथरवर लिहिलेली ही सर्वांत भीतिदायक पानं आहेत, आणि नोकऱ्या देणारा माणूस चांगलाच असणार असं म्हणणाऱ्याने ती एकदा वाचावीत.

आता श्रीमंतांच्या द्वेषाबद्दल. हा आरोप ऐकला की मला हसू येतं, कारण बॅटमॅन म्हणजे ब्रूस वेन अब्जाधीश आहे आणि आयर्न मॅन म्हणजे टोनी स्टार्क तर 1963 मधल्या पहिल्याच गोष्टीत शस्त्रं बनवणारा कारखानदार आहे. दोघेही हिरो. लेखकांना पैशाचाच राग असता तर हे दोघे पहिल्या पानावरच गारद झाले असते.

पण आरोपाच्या मागे एक खरी गोष्ट आहे आणि ती सांगायलाच हवी. निर्दय कारखानदार हा सुपरमॅनचा अगदी पहिल्या दिवसांतला विरोधक आहे, लुथरच्याही आधीचा. 1938 च्या उन्हाळ्यात, मंदी अजून सरलेली नसताना, जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलँडच्या दोन पोरांनी त्याला कुणाशी भिडवलं पाहा. दुसऱ्या अंकात एमिल नॉर्व्हेल हा दारूगोळा विकणारा धनिक. दूरच्या देशात युद्ध पेटतं राहावं म्हणून धडपडणारा. सुपरमॅन त्याला उचलून तुरुंगात टाकत नाही. त्याच युद्धात साधा शिपाई म्हणून भरती व्हायला लावतो. डोक्यावर गोळे पडायला लागल्यावर नॉर्व्हेल धंदा सोडायचं कबूल करतो. तिसऱ्या अंकात ब्लेकली हा खाणमालक. खाण कोसळून मजूर अडकतो, मालकाला त्याचं काही नाही. सुपरमॅन त्याच्या घरच्या मेजवानीतल्या पाहुण्यांना मालकासकट खाणीत उतरवतो आणि वाट बंद करतो. सुरक्षेची साधनं निकामी आहेत हे भरजरी कपड्यांतल्या मंडळींना तिथे कळतं. बाहेर आल्यावर ब्लेकली म्हणतो, माझी खाण आता देशातली सर्वांत सुरक्षित खाण असेल.

याला द्वेष म्हणायचं? मला तर हे जवळजवळ भाबडं वाटतं. श्रीमंत माणूस एकदा खाणीत उतरला की सुधारतोच, अशी खात्री या गोष्टींत भरलेली आहे. (ज्यांनी हे लिहिलं त्यांनी सुपरमॅनचे सगळे हक्क 130 डॉलरना विकले होते. वार्षिक मानधन आणि निर्माते म्हणून नाव मिळायला 1975 साल संपत आलं. भाबडेपणाची किंमत म्हणा हवं तर.) लुथर वेगळा ठरतो तो इथे. त्याला कितीही वेळा खाणीत उतरवा, तो तसाच वर येतो. ‘ऑल-स्टार सुपरमॅन’मध्ये त्याला 24 तास सुपरमॅनची शक्ती मिळते, सुपरमॅनचे डोळे मिळतात, सगळं जग एकमेकांत कसं गुंतलंय हे दिसतं आणि तो रडतो. तेवढ्यात शक्ती उतरते. लगेच तक्रार सुरू: तू नसतास तर मी जग वाचवलं असतं. सुपरमॅनचं उत्तर थोडक्यात असं, की तुला खरंच त्याची पडली असती तर कित्येक वर्षांपूर्वीच वाचवलं असतंस.

चौथा मुद्दा जरा दमदार आहे. माणसांवर एका परग्रहवासीयाची सत्ता का असावी? त्याच्यावर नजर कोण ठेवणार? प्रश्न रास्त आहे आणि कॉमिक्समध्ये तो वारंवार विचारला गेलाय. 2005 मध्ये ब्रायन अझरेलो आणि ली बर्मेहो यांनी लुथरच्याच तोंडून सांगितलेली मालिका आली, आजच्या ढकलमजकुरातली निम्मी वाक्यं तिच्यातूनच झिरपलेली आहेत. मालिका उत्तम आहे. फक्त ती शेवटपर्यंत वाचावी लागते. माणसाची बाजू सिद्ध करण्यासाठी हाच लुथर लहान मुलांच्या पाळणाघरात स्फोट घडवून आणतो आणि स्वतः घडवलेल्या ‘होप’ नावाच्या नायिकेला, काम झाल्यावर, स्वतःच उडवून देतो.

आणि नजर ठेवण्याचंच म्हणाल तर लुथरचा राग कधी सुरू झाला ते बघा. 1986 च्या मालिकेत त्याच्या आलिशान बोटीवर मेजवानी चालू असताना दहशतवादी घुसतात. लुथरला हल्ल्याची कुणकुण आधीच होती. सुपरमॅनला काम करताना बघायचं म्हणून त्याने पाहुण्यांचे जीव टांगणीला लावले. बोटीवर असलेले महापौर तिथल्या तिथे सुपरमॅनला अधिकार देतात आणि लुथरला अटक करायला सांगतात. म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या माणसाचा हुकूम आणि तो पाळणारा परग्रहवासी. लुथरला झोंबलं ते हेच, की या शहरात आपल्यालाही अटक होऊ शकते! पुढे 1990 मध्ये लुथरने मिरवलेली क्रिप्टोनाइटची, म्हणजे सुपरमॅनला दुबळं करणाऱ्या खनिजाची, अंगठी सुपरमॅनने आपणहून बॅटमॅनच्या हाती दिली. उद्या मीच बिघडलो तर मला थांबवायला ही ठेव, म्हणून. नियंत्रणाची सोय कुणी केली आणि कुणाला ती नको होती, हे यातून दिसतं.

2001 मध्ये हाच माणसांचा कैवारी अमेरिकेचा अध्यक्ष झालेला असतो. परग्रहावरून खरंखुरं आक्रमण येतं, कॅन्सासमधलं टोपेका शहर त्यात उद्ध्वस्त होतं. हल्ला येणार हे अध्यक्षांना आधीच ठाऊक होतं, हे नंतर बाहेर येतं. यावर वेगळं काही लिहायला नको.

राहिला कॅन्सर.

सुपरमॅन नसता तर काय, हा प्रयोग कॉमिक्सने एकदा नाही, अनेकदा करून पाहिलाय. 1963 मध्ये लुथर एका कोरड्या, तांबड्या सूर्याच्या ग्रहावर पोचतो. तिथे सुपरमॅनची शक्ती चालत नाही. लोक पाण्यावाचून तडफडतायत. लुथर त्यांच्यासाठी जुनी यंत्रं दुरुस्त करतो, राबतो, आणि शेवटी त्यांना पाणी मिळावं म्हणून सुपरमॅनबरोबरची लढाई मुद्दाम हरतो. मी ती गोष्ट आजही प्रेमाने वाचतो. त्याला चांगलं होता येतं, हे तिने सिद्ध केलंय. पुढे त्या ग्रहाचं नाव पडलं लेक्सॉर. त्याचे पुतळे उभे राहिले, आर्डोरा नावाची बायको मिळाली, मुलगा झाला. सुपरमॅन शेकडो प्रकाशवर्षं दूर. मग 1983 च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ 544 मध्ये त्याला राहवेना. लढाऊ चिलखत चढवून सुपरमॅनवर सोडलेला त्याचाच किरण उलटला आणि ग्रह सावरण्यासाठी त्यानेच उभारलेल्या यंत्रावर आदळला. बायको, मुलगा, पुतळे, सगळं गेलं. दोष कुणाला दिला असेल ते सांगायला हवं का? दुसऱ्याला अपशकुन करायला स्वतःचं नाक कापणारे पुष्कळ असतात. याने अख्खा ग्रह कापला.

2011 मध्ये तर त्याला जवळपास ईश्वरी शक्ती मिळाली. विश्वातल्या प्रत्येक जीवाला तो निखळ आनंद देऊ शकत होता. अट एवढीच, की तिचा वापर कुणाच्या वाईटासाठी करायचा नाही. प्रत्येक जीव म्हणजे सुपरमॅनही आला. तेवढं त्याच्याने झालं नाही. शक्ती गेली.

आणि अक्षरशः कॅन्सर? उद्योगपती लुथरला तो खरंच झाला. सुपरमॅनने जवळ येऊ नये म्हणून बोटात घातलेल्या त्या अंगठीच्या किरणांनी आधी हात गेला, मग रोग अंगभर पसरला. शहरातला सर्वांत श्रीमंत माणूस, हाताशी उत्तम प्रयोगशाळा, आणि स्वतःचा जीव पणाला. उपचार शोधायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही. त्याने काय केलं? विमान अपघातात मेल्याचं नाटक केलं, स्वतःचाच तरुण क्लोन तयार करून त्यात मेंदू बसवला आणि ऑस्ट्रेलियाहून आलेला आपलाच मुलगा म्हणून लाल दाढीसह परत आला. इतर रोग्यांच्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही.

पण त्याने कॅन्सरवर औषध खरोखर शोधलं होतं. नोव्हेंबर 1961 चा ‘सुपरमॅन’ 149, लेखक सीगल स्वतः, चित्रं कर्ट स्वॉनची. ही मूळ कथानकाबाहेरची, कल्पनेतली गोष्ट असल्याचं अंकातच म्हटलंय. तुरुंगात दगड फोडताना लुथरला एक नवं मूलद्रव्य सापडतं, त्यातून तो औषध बनवतो, रोगी बरे होतात. जग त्याला डोक्यावर घेतं, सुटका होते. सुपरमॅन इतका हरखतो की त्याच्या सुरक्षेसाठी अवकाशात प्रयोगशाळा बांधून देतो. म्हणजे ढकलमजकुरात मागितलेलं सगळं काही त्याला मिळतं. आडवा येणारा सुपरमॅन इथे हातभार लावतोय. आणि त्याच प्रयोगशाळेत लुथर त्याला बोलावतो, क्रिप्टोनाइटच्या किरणांखाली बांधतो आणि लोइस, जिमी, पेरी या त्याच्या जिवलगांना काचेपलीकडून बघायला लावून ठार मारतो. औषध हे नुसतं गळाला लावलेलं आमिष होतं.

सुपरमॅनची चुलत बहीण सुपरगर्ल लुथरला पकडून कँडॉर या, सुपरमॅनच्या मूळ ग्रहावरच्या पण आता आक्रसून बाटलीत बंद असलेल्या, चिमुकल्या शहरात खटल्यासाठी नेते. शिक्षा समोर दिसताच लुथर सौदा पुढे करतो: मला सोडा, मी तुमचं शहर पुन्हा मूळ आकाराचं करून देतो. ते त्याला जमलंही असतं. कँडॉरच्या लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिलेली गोष्ट होती ती. त्यांनी एका शब्दात नकार दिला.