कवितेचा भाव काय चाललाय?

कवी व्हायचंय? या, बसा. परवापर्यंत मीही तुमच्यासारखाच अडाणी होतो. कविता सुचली की वहीत लिहायची आणि वही कपाटात. पण गेल्या रविवारी एका प्रातिनिधिक काव्यसंग्रहाच्या प्रकाशनाला चार तास प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून आलो आणि सगळं कळलं. कमरेत अजून कळ आहे, पण ज्ञान झालंय. फुकट वाटतोय, घ्या.

सुरुवात प्रयोजनापासून करू. बी.ए.ला मराठी घेतलेल्यांना मम्मट आठवत असेल. (मम्मट नाही तर गाईड तरी.) अकराव्या शतकातल्या या काश्मिरी पंडितानं काव्याची सहा प्रयोजनं सांगितली. त्यातलं पहिलं यश, दुसरं अर्थ, म्हणजे पैसा. बास, दोन पुरेत.

यश म्हणजे फ्लेक्स. कोल्हापुरात वाढदिवसाला कुणाचाही लागतो, तुमचाच का नको? फोटोत हात हनुवटीला, नजर वर, लाईट कधी येणार बघताय अशी.

पैशाच्या बाबतीत मम्मटाची जरा गल्लत झाली. त्याला वाटलं राजा कवीला देतो. आता कवी देतो. मार्केट यार्डात गुळाचा सौदा बघितलाय का? रवा (म्हणजे ढेप) फोडतात, रंग बघतात, खडा जिभेवर ठेवतात, मग भाव निघतो. कवितेत असली कटकट नाही. भाव आधीच ठरलेला असतो, पंधराशे रुपये, ऑनलाईन भरून स्क्रीनशॉट पाठवायचा. असे साठ कवी जमले की नव्वद हजार होतात, हिशोब तुमचा तुम्ही करा. बदल्यात दोन प्रती, एक सन्मानचिन्ह आणि प्रमाणपत्र. माझ्या प्रमाणपत्रावर आडनाव दुसऱ्याचंच आहे, पण ‘प्रतिभावंत’ बरोबर छापलंय. संपादकांना विचारलं, सगळ्या कविता वाचल्या का हो? म्हणाले, ‘‘वाचायचं काय त्यात, सर? माणशी एक पान, बसली पाहिजे.’’ माझ्या शेवटच्या चार ओळी बसल्या नाहीत, म्हणून गाळल्या. शेजारच्या खुर्चीतल्या कवीनं तिथंच वाचून पाठ थोपटली, ‘‘शेवट लई सूचक झालाय, सर.’’

दुसऱ्याची कविता वाचू नका. शैली बिघडते.

वृत्त-छंदाच्या नादाला लागू नका. याच गावात राजाराम कॉलेजात फारसी शिकवणाऱ्या कवी माधव ज्यूलियनांनी मराठी छंदांचा एवढा अभ्यास केला, की मुंबई विद्यापीठानं १९३८ साली त्यांना डी.लिट. दिली. काय मिळवलं? एक तरी फ्लेक्स लागला का? ओळ कुठंही तोडा, खाली तीन टिंबं द्या, झाला मुक्तछंद.

विषय तीनच. आई, पाऊस आणि शेतकरी. शेतकरी घेतलात तर तो कवितेत मेलाच पाहिजे. उसाचं बिल निघालं का, असं जित्या शेतकऱ्याला विचारायची गरज नाही.

पहाटे साडेपाचला ग्रुपवर कविता टाका. ‘निःशब्द’ असं उत्तर येईल आणि पाठोपाठ त्या निःशब्द माणसाच्या सहा कविता.

आणि खरी चलती हवी असेल तर कवी होऊच नका, सूत्रसंचालक व्हा. माईक तुमच्या हातात. दोन कवींच्या मध्ये स्वतःच्या चारोळ्या घुसडा. ‘पैलवानांच्या गावात टाळीला जोर नाही का’ म्हटलं की टाळी पडतेच. कवीला दोन मिनिटं द्या, त्याची ओळख करून द्यायला तीन घ्या. आणि पाहुण्यांची गाडी ताराराणी चौकात आली असा फोन आला, की समोर कोण आहे, काय म्हणतंय, बघायचंच नाही.

परवा समोर एक आजी होती. राधानगरीकडची, सत्तरी ओलांडलेली. नात घेऊन आली होती. आजीचं नाव संग्रहात नव्हतं, कारण पंधराशे भरले नव्हते. नातीनं फारच विनवलं म्हणून दोन मिनिटं मिळाली. आजीनं माईक धरला नाही, नातीनंच तोंडापुढं धरला. आजीनं डोळे मिटले, उजवी मूठ मांडीवर ठेवली आणि ती मूठ गोल फिरायला लागली, जात्याचा खुंटा धरल्यासारखी. मग ओवी आली. पहिलीत भाऊ घरातून निघाला. दुसरीत ओढ्याला पाणी चढलं. तिसरीत बहीण उंबऱ्यात उभी, मूठभर जोंधळा जात्यात वैरायचा राहिलेला. चार तासांत पहिल्यांदा लोकांचे मोबाईल खाली गेले. मागं चहा ओतणारा पोरगा किटली तिरकी धरून तसाच उभा.

मम्मटाचं एक प्रयोजन मघाशी मुद्दाम गाळलं. सद्यःपरनिर्वृती. म्हणजे ऐकताक्षणी बाकी सगळं विसरायला लावणारा आनंद. परीक्षेत दोन मार्कांना लिहिलं होतं. परवा दिसलं, त्या किटलीवाल्या पोराच्या तोंडावर.

चौथ्या ओवीची अर्धी ओळ झाली असेल नसेल, सूत्रसंचालकानं माईक काढून घेतला. ‘‘वेळेअभावी आजींना इथंच थांबवतोय, पाहुण्यांचं आगमन होतंय, जोरदार टाळ्या!’’ बाहेर हलगी कडाडली. आजीची मूठ अर्ध्या फेऱ्यात थांबली.

उपरोध गेला खड्ड्यात. लाज वाटत नाही का रे तुम्हा संयोजकांना? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या संशोधकांनी वर्षानुवर्षं खपून, गावोगावच्या बायकांकडून असल्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या बायकांनी कुणाकडं सन्मानचिन्ह मागितलं नव्हतं. सासरी मन मोकळं करायला दुसरी जागा नव्हती, म्हणून पहाटे दळताना दगडापुढं बोलल्या. आणि तुम्ही २०२४ च्या ऑक्टोबरात मराठी अभिजात झाली म्हणून पेढे वाटलेत! दोन हजार वर्षांचे पुरावे तोंडपाठ, आणि समोर जिती ओवी चालली होती ती तुम्हाला दोन मिनिटं ऐकवली नाही?

आणि आम्ही साठजण? शब्दांचे पुजारी म्हणे. ‘थांबा, आजीला पुरं करू द्या,’ एवढं एक वाक्य साठातल्या एकाच्या तोंडून फुटलं नाही. माझ्याही नाही. कारण माझा नंबर यायचा होता, आणि सूत्रसंचालकाशी वाकडं घेतलं तर तो कापेल ही भीती. टाळ्या वाजवल्या मी. हलगीच्या तालावर.

नंबर आला पावणेदहाला. हॉलवाला खुर्च्या एकात एक घालत होता. त्या खडखडाटात मी ‘शांतता’ ही कविता वाचली, शेवटच्या चार ओळींसकट. आजी तोवर रंकाळा स्टँडवरून शेवटची एस.टी. गाठायला निघून गेली होती. ओढ्याचं पाणी उतरलं का, भाऊ पोचला का, तुमच्या घरात कुणाला ती ओवी येत असेल तर मला सांगा.