जिओमेट्री ‘ज्यामिती’तून आलेली नाही

‘जिओमेट्री म्हणजे आपली ज्यामिती, ट्रिगॉनॉमेट्री म्हणजे आपली त्रिकोणमिती, युरोपने गणित नेलं आणि नावंही तीच ठेवली’ असा मजकूर सतत फिरत असतो. भारतीय गणिताचा मला मनापासून अभिमान आहे, म्हणूनच हे खोडून काढावंसं वाटतं.

आधी जिओमेट्री. ग्रीकमध्ये ‘गे’ म्हणजे जमीन, ‘मेट्रॉन’ म्हणजे माप. इ.स.पू. पाचव्या शतकात हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहिलंय की, नाईलने कुणाच्या शेताचा तुकडा खाल्ला की इजिप्तच्या राजाची माणसं येऊन उरलेली जमीन मोजत आणि तेवढा सारा कमी होई. ही विद्या ग्रीकांनी तिथूनच घेतली असावी, असं त्याचं मत. हाच शब्द लॅटिनमधून फ्रेंच, जर्मन, इंग्रजीत गेला. डचांनी मात्र ‘मेटकुंडे’, म्हणजे मोजण्याची विद्या, असा घरचा शब्द घडवला. आपली ‘भूमिती’ तर ग्रीक शब्दाचं सरळ भाषांतर आहे.

यावर अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश पुढे केला जातो: त्यात ‘ज्या’ हे पृथ्वीचंही नाव आहे. आहे, हे खरंच. पण आर्यभट, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्यापैकी कुणीही या शास्त्राला ‘ज्यामिती’ म्हटलेलं नाही. भास्कराचार्यांच्या लीलावतीत या विषयाला ‘क्षेत्रव्यवहार’ म्हटलंय. अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने ग्रीक गणितज्ञ युक्लिडचा भूमितीवरचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला, त्याचं नाव ‘रेखागणित’. ‘ज्यामिती’ त्याच्याही नंतरची, युरोपीय शब्दाच्या उच्चाराशी जुळवून घेतलेली.

ट्रिगॉनॉमेट्रीची तर जन्मतारीखच सापडते. बार्थोलोमेउस पिटिस्कस या जर्मन गणितज्ञाने १५९५ साली ग्रीक तुकडे जोडून हा शब्द आपल्या लॅटिन ग्रंथाच्या शीर्षकात वापरला. आर्यभट त्रिकोणाला ‘त्रिभुज’ म्हणतो.

मग ‘त्रि’ आणि ‘ट्राय’, ‘मात्रा’ आणि ‘मेट्रॉन’ इतके सारखे कसे? संस्कृत आणि ग्रीक एकाच जुन्या भाषेच्या लेकी आहेत म्हणून. बहिणींचे चेहरे जुळतात, त्यावरून एक दुसरीची आई ठरत नाही.

आणि या गडबडीत जो शब्द खरोखर आपल्याकडून गेला, त्याचं नावही कुणी घेत नाही. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी; गणितात, वर्तुळाच्या कंसाची दोन टोकं जोडणारी रेषा. तिचा अर्धा भाग म्हणजे अर्धज्या, आजच्या त्रिकोणमितीतली साइन. आर्यभटाने २४ अर्धज्यांमधले फरक एका श्लोकात बसवले. ज्याचंच दुसरं रूप ‘जीवा’. अरबांनी ते ‘जीबा’ असं घेतलं. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे ती अक्षरं पुढे ‘जैब’ अशी वाचली गेली. जैब म्हणजे कपड्याचा गळा, छातीवरची घडी. हिंदीतली ‘जेब’ त्यातूनच आली. बाराव्या शतकात लॅटिन अनुवादकांनी त्या अर्थाचा ‘सायनस’ योजला. त्यापासून इंग्रजीत साइन, जर्मन आणि रशियनमध्ये सिनुस, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये सेनो. स्पॅनिशमध्ये आजही ‘सेनो’ म्हणजे छाती, आणि गणिताच्या वहीत ‘सेनो’ म्हणजे आर्यभटाची ज्या.