आडवा बारा

लेकीच्या आठव्या वाढदिवसाला पक्ष्यांची जोडी घरात आली, तेव्हा "बाबा, पिंजऱ्याचं सगळं मी करीन" असं तिने देवाशप्पथ सांगितलं होतं. शपथ नऊ दिवस टिकली. दहाव्या दिवशी तिला वास यायला लागला. "ज्याने पैसे मोजले त्याने निस्तरावं," असं बायकोने जाहीर केलं. तेव्हापासून डोंबिवलीतल्या आमच्या हातभर गॅलरीत दर रविवारी सकाळी मी उकिडवा बसलेला असतो.

दुकानदाराने 'लव्हबर्ड' म्हणून गळ्यात मारलेले हे पक्षी निघाले बजरीगर. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे, हे ऑस्ट्रेलियाचे. आपला साधा रानपोपट पाळायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी, म्हणून ही परदेशी पाहुणेमंडळी. हिरवा तो बाळू, निळी ती शकू. दोघंही दर पंधरा-वीस मिनिटांनी एकेक पावती फाडतात. त्यात मी पाण्याची वाटी महिनाभर नेमकी दांडीखाली टांगून ठेवली होती. पुढचं सांगत नाही.

राळ्याची वाटी ही वेगळीच फसवणूक. पहिल्या आठवड्यात रोज बघावं तर वाटी काठोकाठ. म्हटलं, काय मिताहारी जीव आहेत! वाटी भरलेली होती, पण टरफलांनी. बजरीगर दाणा सोलून खातो आणि टरफल परत जिथल्या तिथे ठेवतो. शकू माझ्याकडे तसं का बघत होती, ते तेव्हा कळलं. आता रोज फुंकर मारून टरफलं उडवावी लागतात. गॅलरीत मारली तर ती खालच्या काकूंच्या पापडांवर जातात, घरात मारली तर माझ्याच मिशीत.

धुण्याच्या दिवशी आधी दोघांना पकडून गावाहून आणलेल्या डालग्याखाली ठेवायचं. शकू मुकाट येते. बाळू अंगठ्याचा लचका तोडून पडद्याच्या दांडीवर जाऊन बसतो, आणि मग घरातले सगळे पंखे बंद करून, घाम पुसत, त्याची मनधरणी. फिनाईल वापरायचं नाही. पक्ष्यांच्या फुफ्फुसांना हवापिशव्या जोडलेल्या असतात, उग्र वाफ त्यांना चटकन बाधते. म्हणून व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. सकाळी नऊ वाजता आमच्या गॅलरीला चायनीजच्या गाडीचा वास येतो तो यामुळे. वाळलेली घाण कोरडी खरवडायची नाही, हेही मी ठेच लागून शिकलो. ती धूळ नाकात जाते आणि त्यातून माणसाला सिटॅकोसिस नावाचा ताप येऊ शकतो. आधी पाणी शिंपडून दहा मिनिटं भिजू द्यायची. ही दहा मिनिटं मी चहासाठी राखून ठेवली होती. पण दर वेळी कपात एक निळं पीस तरंगतं.

मग जुना टूथब्रश आणि तारा. एकूण चौऱ्याण्णव. मोजल्यात, कारण तिथे बसून दुसरं करण्यासारखं काही नसतं. सगळं पुसून उन्हात खडखडीत वाळवायचं, ओल राहिली की बुरशी धरते. पावसाळ्यात ऊन कुठून आणायचं ते मात्र कोणी सांगत नाही.

शेवटी तळाला कोरा पेपर घालायचा. आमच्याकडे पेपरवर पहिला हक्क नानांचा. त्यांचं शब्दकोडं सुटल्याशिवाय पान मिळत नाही. गेल्या रविवारी ते देवळात गेल्याची संधी साधून मी पान अंथरलं, बाळू-शकूला आत सोडलं, दार लावलं आणि कंबर धरून उभा राहिलो. पिंजरा आरशासारखा लखलखत होता. तेवढ्यात नाना आले. चष्मा लावून, मान वाकडी करून पिंजऱ्याच्या तळाशी बघायला लागले.

"अरे, आडवा बारा राहिला होता माझा. 'उठाठेव', चार अक्षरी. पहिलं अक्षर ख आलंय."

"मग पुढचं?"

"पुढचे तिन्ही चौकोन तुझ्या पाखरांनी भरलेत."