श्रावणातला शुक्रवार, कॅन्सस सिटीतला शनिवार

इथे अमेरिकेत, कॅन्सस सिटीत, सकाळी दहाला स्मोकर (धुरावर मांस शिजवायची झाकणाची शेगडी) पेटवला की जेवायला चार वाजतात. डुकराच्या बरगड्यांना घाई चालत नाही. हाडांमागचा पातळ पापुद्रा आधी सोलून काढायचा, मीठ, मिरी, ब्राउन शुगर, पाप्रिका चोळायची (मी त्यात आईचा कांदा-लसूण मसालाही घालतो) आणि २२५ फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १०७ सेल्सियसला, तीन तास हिकरीच्या लाकडाच्या धुरात ठेवायच्या. मग दोन तास सफरचंदाच्या रसाचा शिपका मारून फॉइलमध्ये, शेवटचा तास उघड्यावर, सॉस लावून. इथे याला नुसतं ‘तीन-दोन-एक’ म्हणतात. मंद आचेवर मांसातलं चिवट कोलॅजन (मांस बांधून ठेवणारं प्रथिन) विरघळून मांस मऊ पडतं. आच वाढवली तर वरून करपतं, आत चामडं राहतं.

रायगडात थंडीत पोपटी लावतात, तेव्हाही असंच असतं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, भोवती जाळ, आणि माणसं वाट बघत गप्पा मारत बसलेली.

गेल्या शनिवारी अशीच वाट बघताना विषय माझ्या डोंबिवलीवर आला. २०२५च्या १५ ऑगस्टला कल्याण-डोंबिवली महापालिकेने कत्तलखाने आणि मांसविक्रीची दुकानं बंद ठेवण्याचा आदेश काढला होता. आधार १९८८च्या ठरावाचा. त्यावर राज्यभर वाद पेटला, अजित पवारांनीही अशी बंदी चुकीची असल्याचं म्हटलं. आमच्या शाळेच्या ग्रुपवर तो वाद अजून विझलेला नाही. एक वाक्य त्यात पुन्हा पुन्हा येतं: ‘एक दिवस नाही खाल्लं तर काय बिघडतं?’

माझं त्यावर म्हणणं असं. तो शुक्रवार श्रावणातला होता. आमच्या घरी त्या दिवशी तसंही मटण शिजलं नसतं. बाबा सोमवार पाळायचे, आई गुरुवार, आणि श्रावण सगळेच. तो नेम आमचा होता, म्हणून त्याला मोल होतं. तीच गोष्ट महापालिकेने सांगितली की आमच्या नेमातली श्रद्धा निघून जाते आणि खाटकाची एका दिवसाची कमाईही जाते. ज्याच्या घरी श्रावण नसतो, त्याला स्वातंत्र्यदिनीच कळतं की गावाची रीत त्याला न विचारता ठरली.

अमेरिकेत सगळं छान आहे, असं मला मुळीच म्हणायचं नाही. या शहरातल्या बार्बेक्यूची सुरुवात हेन्री पेरी या कृष्णवर्णीय माणसापासून मानतात. १९०८च्या सुमारास तो गल्लीतल्या टपरीवर भाजलेलं मांस वर्तमानपत्रात बांधून विकायचा. त्याच्याकडे गोरे-काळे दोघंही यायचे, पण त्याच शहरात कुणी कुठे राहायचं हे पुढे कित्येक वर्षं कातडीवरून ठरत होतं. मुंबईत ‘नॉनव्हेजवाल्यांना घर देत नाही’ हे ऐकलेल्या मला ती गोष्ट परकी वाटत नाही.

त्या शनिवारी आम्ही नऊजण होतो. हैदराबादचा मित्र हलाल कोंबडी घेऊन आला. त्याच्यासाठी शेजाऱ्याने घरून नवी जाळी आणि वेगळी शेगडी ढकलत आणली. एक जैन जोडपं होतं. त्यांची कणसं आणि पनीर माझ्या बायकोने आत ओव्हनमध्ये केलं, चिमटेसुद्धा वेगळे. कुणी कुणाला नियम वाचून दाखवला नाही, विचारलं मात्र सगळ्यांनी सगळ्यांना. रिब्ज तयार झाल्या, चिमट्याने उचलल्यावर मधोमध वाकून त्यांना चिरा पडल्या, तेव्हा टेबलावर सगळ्यांच्या ताटात काही ना काही होतं.

तीनच्या सुमाराला वारा फिरला होता. धूर थेट त्या जैन मित्राच्या अंगावर जायला लागला. तो काही बोलला नाही, पण शेजारी आधी उठला, मग आम्ही सगळेच, आणि नऊच्या नऊ खुर्च्या उचलून मेपलच्या झाडापलीकडे नेल्या.