चार तोंडांचं कार्ड

मे महिन्यात नागपुरात शहाणा माणूस दुपारी कूलरसमोरून हलत नाही. मी हललो. रविवारी रेशीमबागेत चार कॅमेऱ्यांचा लाइव्ह कार्यक्रम होता आणि त्यासाठी घेतलेलं चार एचडीएमआय इनपुटचं कॅप्चर कार्ड, म्हणजे चार कॅमेऱ्यांची चित्रं एकदम संगणकात घेणारी पट्टी, आधी घरी तपासायचं होतं. आकाराने संत्रा बर्फीच्या डब्यापेक्षा लहानच. किंमत मी घरी निम्मी सांगितली, तरी सौ. दोन मिनिटं गप्प होती.

पहिला इनपुट लावला, झकास चालला. पहिला कोणाचाही चालतो. एक पाहुणा आला तर घर कसं प्रसन्न वाटतं. गाद्या कमी पडतात त्या चौथा आल्यावर.

दुसरा कॅमेरा मित्राचा. चित्र आलं, पण त्यावर बॅटरीची खूण आणि फोकसची पिवळी चौकटही आली. मेनूत जाऊन ती माहिती बाहेर पाठवणं बंद करेपर्यंत अर्धा तास गेला. नाहीतर रविवारी प्रमुख पाहुण्यांच्या नाकावर चौकट आणि डोक्यावर 'बॅटरी कमी' झळकलं असतं. दुसरी गोष्ट काही जणांच्या बाबतीत खरीही असते म्हणा.

तिसरा भाच्याचा गेमचा डबा. तो लावला आणि तिन्ही चित्रं उचकी लागल्यासारखी अडखळू लागली. केबल बदलली, ड्रायव्हर बदलला, शेवटी दुकानदाराला फोन केला.

"भाऊ, स्लॉट लंबा हाये ना? मंग टेन्शन कायले घेता?"

कार्ड बसवायची मदरबोर्डवरची ती खाच लांब होती खरी, पूर्ण सोळा लेनची, म्हणजे माहिती जायच्या सोळा वाटांची दिसत होती. मदरबोर्डचं पुस्तक काढून बारीक अक्षरं वाचली तेव्हा कळलं, की आत जोडलेली लेन एकच! मग कागदावर हिशेब मांडला. १९२० गुणिले १०८०, प्रत्येक पिक्सेलला २ बाइट, सेकंदाला ६० फ्रेम. एका कॅमेऱ्याचेच सुमारे २४९ मेगाबाइट होतात, चौघांचे जवळपास एक गिगाबाइट. आणि माझ्या कार्डाच्या पिढीत एका लेनमधून सेकंदाला जातात जास्तीत जास्त ५००. म्हणजे व्हेरायटी चौकातली संध्याकाळची गर्दी मी महालातल्या बोळातून काढत होतो. ग्राफिक्स कार्ड काढलं, त्याच्या जागी हे बसवलं, मॉनिटर मदरबोर्डलाच जोडला. उचकी थांबली.

आता चौथा. घरात उरलेलं एकमेव यंत्र म्हणजे आईचा सेट-टॉप बॉक्स. तोही दुपारच्या मालिकेच्या वेळी. जोडला, तर पडदा काळाकुट्ट.

"माही मालिका कुठी गेली रे?"

"आई, तिला कुलूप आहे. एचडीसीपी म्हणतात. कोणी रेकॉर्ड करू नये म्हणून."

"मी कुठी रेकॉर्ड करून राहिली? मी तं पाहून राहिली!"

यावर उत्तर नव्हतं. भाच्याच्या डब्यात हे कुलूप सेटिंगमधून काढता येतं. सेट-टॉप बॉक्समध्ये ती सोय नाही. मालिका परत करून मी शेजारच्या काकांचा जुना हँडीकॅम मागून आणला.

मग आवाज आणि चित्र जुळवायचं. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायची, रेकॉर्डिंगमध्ये हात कधी भिडले आणि आवाज कधी आला ते पाहायचं, तेवढा आवाज मागे ढकलायचा. पंचविसाव्या टाळीला काकू जिन्यातून ओरडल्या, "आरती हाय का? प्रसाद काय केला?" काकांचा हँडीकॅम माझ्याकडे होता, म्हणून मुकाट्याने बर्फी दिली.

शेवटची परीक्षा, सलग दोन तास. संगणक तापू नये म्हणून तो कूलरसमोर ठेवला होता, तर खसाच्या ताट्यांतून उडणारे थेंब थेट कॅबिनेटवर. घाईने सरकवला. एक नंबर हॉलमध्ये, दोन नंबर स्वयंपाकघरात, तीनवर गेम आणि चार बाल्कनीत. पडद्यावर चार चौकोन मांडून मी गळलेल्या फ्रेमचा आकडा बघत बसलो. शून्य. अर्ध्या तासानंतरही शून्य. पाठीमागे आई खुर्ची ओढून कधी बसली, कळलंच नाही.

"दोन नंबरवर दूध वर येऊन राहिलं."

पडद्यावर चित्र पोचायला लागणारा उशीर मी मोबाइलचं स्टॉपवॉच समोर धरून मोजला होता, सेकंदाचा जेमतेम आठवा हिस्सा. माझा मात्र कूलरच्या वायरीत पाय अडकल्याने बराच जास्त भरला. ओटा पुसून परतलो तर कार्ड शांतपणे चालूच, आकडा शून्यच, आणि आईच्या खुर्चीशेजारी आता काकूही बसलेल्या.

"तो चार नंबर जरासा डावीकडे फिरव," आई म्हणाली. "गेटापाशी कोण येऊन राहिलं ते अर्धंच दिसते."

"आणि मोठा कर," काकू म्हणाल्या.